फोन आला तर उचल

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, तू मागशील याची वाट मी पाहत नाही. हे पत्र मात्र शेवटपर्यंत वाच. मागची वाचलीस की नाही, कोण जाणे. वाचली नाहीस असं मी म्हणत नाही, पण उत्तर आलं नाही की माणसाच्या मनात नाही नाही ते येतं. पत्ता तोच आहे ना? घर बदललंस का? छातीत भरायचं तुला, ते कसं आहे? पाकिटावरचा पत्ता ताई लिहिते, मला तिकडची लिपी येत नाही. ती पत्ता लिहिते, पाकीट चिकटवते आणि कामावर जाताना टाकते. आत काय आहे ते कधी विचारत नाही. तुझ्या आईची शिस्त. दुसऱ्याचं पत्र ते दुसऱ्याचं.

कामाचं आधी सांगतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहिण्यात राहून जाईल. तुला एक फोन येणार आहे. नंबर अनोळखी असेल, भला लांबलचक. तो उचल. एक बाई बोलेल. ती खरी बाई नाही, मशीन आहे, तिच्याशी वाद घालू नकोस. ती ताईबद्दल काही विचारेल आणि आकडा दाबायला सांगेल. तेवढं कर. फोन आला तर उचल, एवढंच माझं मागणं आहे.

आता का ते ऐक. ताई शिकतेय. हसलास ना? मीही हसलो होतो. या वयात, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत असताना, ती घरबसल्या कॉम्प्युटरवर पदवी घेतेय, पदवीच्याही पुढची. विषयाचं नाव आंतरराष्ट्रीय विकास नेतृत्व. मी पाठ केलंय, तरी पूर्ण म्हणेपर्यंत दम लागतो. खालची शिवणवाली म्हणते, "आजोबा, तुमची पोरगी मंत्री होणार वाटतं. आमच्या गल्लीतलं गटार तेवढं लक्षात ठेवा म्हणावं."

मंत्री कुठली! तिच्या संस्थेत ती अजून निर्वासितांच्या छावण्यांना पाण्याच्या टाक्या पाठवण्याच्याच कामावर आहे. सगळी उमेद ट्रक भरण्यात गेली. ज्याला तिने ट्रक कसा भरायचा ते शिकवलं तो आज तिचा साहेब आहे, कारण त्याच्याकडे ही पदवी आहे. ती काही बोलत नाही. पण एकदा तिने त्याच्याकडे रजा मागितली आणि तो म्हणाला, "बघू या." घरी येऊन तिने चपला अशा भिरकावल्या की एक भिंतीवर आपटून माझ्या पायाशी आली. दुसऱ्या दिवशी तिने नाव घातलं.

वर्ग पहाटे असतो, कारण शिकवणारी बाई जगाच्या पार पलीकडे बसते. तुझ्या आईच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर ताईने कॉम्प्युटर मांडलाय. त्या वेळात मी नळ सोडत नाही, खोकला आला तर उशीत तोंड खुपसतो. एकदा ती म्हणाली, "बाबा, आता मला छोट्या खोलीत पाठवलंय, जरा थांबा." मी घाबरून दार ढकललं, तर होती तिथेच बसलेली. पडद्यावर वेगवेगळ्या देशांची चार माणसं होती, सगळी माझ्याकडे बघायला लागली. मी नमस्कार केला. त्यांतल्या एकानेही केला.

कपाटावर तिने चार चौकोनांचा कागद लावलाय. कुठल्याही कामात कोणाचं वजन किती आणि कोणाला आस्था किती, ते त्यात मांडायचं. सरावासाठी तिने आपलं घरच मांडलं. मी 'आस्था जास्त, वजन कमी' या चौकोनात आहे. मी म्हटलं, "बरोबर आहे, कालच विजार पुन्हा आत घेतली." ती हसली नाही. 'वजन जास्त, आस्था नाही' असा जो चौकोन आहे त्यात तुझं नाव लिहून खोडलेलं आहे. खोडलं असलं तरी मला वाचता येतं.

तर फोनचं असं. या शिक्षणात शिकणाऱ्याबद्दल त्याच्या आसपासच्यांना विचारतात. साहेबाला, बरोबरीच्यांना, हाताखालच्यांना आणि घरच्यांना. नाव कोणाचं कळू देत नाहीत. म्हणून प्रत्येक गटात निदान दोन माणसं हवीत. एकाचंच उत्तर आलं तर ते धरत नाहीत, कारण मग कोण काय बोललं ते लगेच उघड होईल. घरचे म्हणून तिने माझा नंबर घातला. मग बसून राहिली. मी लसूण सोलत असल्यासारखं केलं. बऱ्याच वेळाने तिने तुझा नंबर घातला. कुठे पाहून नाही, पाठ होता. ज्या नंबरावर तिने इतक्या वर्षांत एकदाही फोन केला नाही, तो तिला पाठ आहे.

तुझी आई गेली त्या वेळचं मी उकरून काढत नाही. तुला पोचायला उशीर झाला, विमानं काही आपल्या सवडीने उडत नाहीत. ती दारात सगळ्यांसमोर म्हणाली, "पाहुणे आलेत, त्यांना पाणी द्या." तू बॅग खाली न टेकवता मागे फिरलास. चूक कोणाची ते मला विचारू नकोस, मी दोघांचा बाप आहे. पण मी जन्माला पुरणार नाही, आणि माझ्यामागे तिला तू आणि तुला ती एवढंच उरतं. तिने नंबर दिला. याहून जास्त ती वाकणार नाही, तू ओळखतोस तिला.

उचल हं फोन.

बाबा

२२ फेब्रुवारी

बारक्या,

फोन आला! मला आला म्हणजे तुलाही आला असणार. उचललास ना? कामात असलास तर ती बाई पुन्हा करते म्हणे, तीनदा करते.

मी घरात एकटा होतो. गॅसवर दूध होतं आणि कानातलं यंत्र टेबलावर होतं. बाईने बोलायला सुरुवात केली, मी यंत्र बसवलं, ते शिट्टी वाजवायला लागलं, मग दूध वर आलं म्हणून धावलो. तोवर तिची प्रस्तावना संपून पहिला प्रश्न आला. बोलते मात्र गोड, आपल्याच भाषेत. "ही व्यक्ती इतरांचं ऐकून घेते का? एक ते पाच यांपैकी आकडा दाबा." मी म्हटलं, "घेते बाई," आणि एक दाबला. तिच्या शब्दावर विसंबता येतं का? एक. अडचणीत ती इतरांना सांभाळते का? मला तुझ्या आईचं शेवटचं आजारपण आठवलं, ते उचलणं, ते पुसणं. मी एक इतक्या जोरात दाबला की अंगठा दुखला. सगळ्याला एक. शेवटी बाई म्हणाली, "उत्तरं कायम करायची का?" मी म्हटलं, "खुशाल करा."

लाकडाची वखार सुटल्यापासून मी कशाला आकडा टाकला नव्हता. तुला आठवतं का, फळीवरून हात फिरवायचा, गाठ, भेग, पीळ बघायचा आणि खडूने आकडा टाकायचा. एक म्हणजे बिनगाठीचा, सरळ, दारं-खिडक्यांचा माल. पाच म्हणजे जळाऊ. तुम्ही दोघं सुट्टीत डबा घेऊन यायचात तेव्हा मी तुमच्या पाठीवर आकडा काढायचो. ताईच्या पाठीवर एक काढला आणि तुझ्याही पाठीवर एक काढला की तू भोकाड पसरायचास, "दोघं एक नंबर कसे असतील?" लाकडात असतात रे, कितीही असू शकतात.

तू कितीही दाब. दोन दाब, तीन दाब, मी काही म्हणणार नाही. पाच मात्र दाबू नकोस, रागातसुद्धा. एवढं माझं ऐक.

ताईला मी म्हटलं, "माझं झालं बरं का." ती म्हणाली, "सांगायचं नसतं बाबा, गुप्त असतं." पण त्या दिवशी स्वयंपाक करताना ती गुणगुणत होती. नंतर कणीक मळता मळता भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "त्याला आला असेल का हो?" त्याला. तुझ्याबद्दल बोलली.

बाबा

११ मार्च

आज आशीर्वाद लिहीत नाही.

तिचा निकाल आला. निकाल म्हणजे त्या फोनचा. साहेबांनी मध्यम दिलंय, हाताखालच्यांनी चांगलं दिलंय. आणि घरच्यांच्या खान्यात दोन ओळी आहेत, नावाशिवाय. एका ओळीत वरपासून खालपर्यंत पाच. दुसऱ्या ओळीत वरपासून खालपर्यंत एक. एकही प्रश्न सुटलेला नाही.

ती हसली. असं हसणं मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणाली, "घरातला एक म्हणतो मी सगळ्यात उत्तम, दुसरा म्हणतो मी काही कामाचीच नाही. काढा बघू सरासरी." मग उठून भांडी घासत बसली, घासलेलीसुद्धा.

मी तुला लिहिलं होतं. हात जोडून लिहिलं होतं की पाच दाबू नकोस. रागातसुद्धा नको. आणि तू सगळ्या ठिकाणी पाच दाबलेस! 'अडचणीत सांभाळते का' यालाही? तुझ्या आईला कोणी सांभाळलं? तू सांभाळलंस? लांब राहून माणूस इतका कोरडा होतो का रे? मी तुझ्या पाठीवर खडूने काय काढायचो ते विसरलास?

तिने तुला निरोप धाडला तो तुला मिळाला असेल. मला वाचून दाखवला. "पाहुण्यांचा अभिप्राय पोचला. पुन्हा त्रास देणार नाही." मग तिच्या फोनात तुझा नंबर बंद करून टाकला. मी अडवलं नाही. अडवायचं कुठल्या तोंडाने?

हे पाकीटही तिनेच लिहून दिलं. पेन इतकं दाबलं की कागद फाटला, दुसरं घ्यावं लागलं.

तुझा बाप

१७ मार्च

बारक्या, पोरा,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर उघडू नकोस. अक्षर लागलं नाही तरी ओढून ताणून वाच.

काल ताई निकालाचा कागद घेऊन माझ्याजवळ बसली. तिला त्यावर मोठा निबंध लिहायचाय, शेवटचा, त्यावर सगळं अडलंय. तिला बोलून बोलून विचार करायची सवय, समोर कोणी तरी लागतं. म्हणाली, "हे बघा बाबा, ही तुमची ओळ." आणि पाचावर बोट ठेवलं. मी म्हटलं, "छे, माझी ती एकवाली." म्हणजे म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "पाच म्हणजे सगळ्यात चांगलं. तुम्ही बाप म्हणून वाढवून दिलेत, पण खरं सांगू, ही ओळ नसती ना, तर मी त्याच दिवशी हे शिक्षण सोडलं असतं."

मला वाटलं यंत्राने पुन्हा घोटाळा केला. मी विचारलं, "आणि एक म्हणजे?" ती म्हणाली, "एक म्हणजे अजिबात नाही. फोनवर सुरुवातीलाच सांगतात की. तुम्ही ऐकलंत ना?"

मी म्हटलं, "ऐकलं तर."

असं झालं, बारक्या. दूध वर आलं होतं.

म्हणजे पाच तुझे. ऐकून घेते का, पाच. दारात सगळ्यांदेखत तिने तुला जे ऐकवलं ते ऐकून, बॅग न टेकवता परत जाऊन, तू पाच दिलेस. शब्दावर विसंबता येतं का, पाच. मी रात्रभर त्या ओळीवरून हात फिरवल्यासारखं करत होतो. एक गाठ नाही.

आणि मी तुला लिहिलं की पाच दाबू नकोस. ते पत्र तू आधी वाचलं असशील तर तुला माझी चूक कळली असेल आणि तू गप्प बसलास. नंतर वाचलं असशील तर काही न कळता आधी तिचा टोमणा, वर माझ्या शिव्या, असं तुझ्या पदरात पडलं. यातलं काय ते मला कळायला मार्ग नाही. तू एक ओळ लिहिली असतीस तर कळलं असतं. लिही असं म्हणत नाही, आता कुठल्या हक्काने म्हणू.

खाली जाऊन मी शिवणवालीला सांगितलं. कोणाला तरी सांगायलाच हवं होतं. ती दाताने दोरा तोडत म्हणाली, "अहो, मग वर जा आणि सांगून टाका. आज रडेल, उद्या ओरडेल, परवा हसेल. मशीनवर चुकलात तुम्ही, खून नाही केलात." तिचं खरं आहे. मी जिना चढलो. दार उघडं होतं. ताई आईच्या खोलीत बसून भराभर लिहीत होती, टकटक टकटक, मान वर न करता म्हणाली, "बाबा, सुचतंय, आत्ता बोलू नका."

मी आलो तसा मागे फिरलो आणि हे लिहायला बसलो.

हे पत्र तीच टाकणार. मी डिंक दोनदा लावलाय. ती म्हणाली, "एवढं काय चिकटवताय, सोनं घातलंय का आत?"

मला क्षमा कर असं लिहायला हवं. लिहिलं समज.

बाबा

२ मे

बारक्या,

खूप दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं ते ठरत नव्हतं. सांगायचं ठरवलं की उन्हाळी खोकला येई, किंवा तिचा फोन वाजे, किंवा तिचा चेहरा चांगला असे.

तिच्या निबंधाला सगळ्या वर्गात वरचे गुण मिळाले. विषय काय ते तुला सांगणं भाग आहे. ज्याच्या सख्ख्या भावाला त्याच्यात नेतृत्वाचा एक कणही दिसत नाही, त्या माणसाने दुसऱ्यांच्या पुढे कसं उभं राहायचं. असा विषय. तुझी ओळ, म्हणजे माझी ओळ, त्या निबंधाचा कणा आहे. तिने तुला वाईट म्हटलेलं नाही, एवढं सांगतो. तिने लिहिलंय की भावाने एक दिला तेव्हा मला कळलं, मी सगळ्या जगाच्या टाक्या भरल्या आणि घरातलं एक माणूस तहानलेलं परत पाठवलं. मी ऐकताना खुर्चीची कड धरून बसलो होतो.

हो, ऐकलं. मला तिकडची भाषा कळत नाही म्हणून आदल्या रात्री तिने सगळं आपल्या भाषेत सांगून ठेवलं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी तिला तो निबंध सगळ्यांसमोर वाचायला लावला. त्या दिवशी मला मुद्दाम बोलावून दाराशी खुर्ची दिली. पडद्यावर पेटीत फळं मांडावी तशी माणसं, कोणी झोपेतून उठलेलं, कोणी जेवत बसलेलं. ताई वाचत होती. आवाज कुठे अडला नाही. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आवाज बंद ठेवून, नुसतेच हात हलत होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या काहीतरी म्हणाल्या, ताईने मला मागाहून सांगितलं, "बाई म्हणाल्या, तुझा भाऊ तुझा सगळ्यात मोठा शिक्षक आहे."

मी उठलो आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

आता पुढचं. संस्थेच्या वरच्या लोकांनी तो निबंध वाचला. तिला दूरच्या एका ठिकाणी सगळ्या कामाची प्रमुख म्हणून पाठवायचं चाललंय. तिथे माणसं घरदार टाकून पळून आलीत, पाणी नाही, काही नाही. मुलाखतीत तिला त्या निबंधावरच विचारलं. ज्या साहेबाने रजेला "बघू या" म्हटलं होतं, तो परवा तिला म्हणाला, "मॅडम, कधी निघताय?" मॅडम!

आता सांग, मी कुठल्या दिवशी सांगू? सांगितलं तर ती निबंध मागे घेईल. तू ओळखतोस तिला, खोट्यावर उभी राहायची नाही ती. पदवी जाईल, ती जागा जाईल, पुन्हा ट्रक. आणि नाही सांगितलं तर तू जन्मभर तिच्या लेखी तो एकवाला. मी दोघांपैकी कोणाच्या तरी पाठीवर चुकीचा आकडा ठेवूनच जाणार.

तू तिला कळवलंस तर मी नाही म्हणणार नाही. तुझा हक्क आहे. तिने तुझा नंबर बंद केलाय, पण तुला मार्ग सापडेल. मी तुला हे लिहितोय ते तू कळवावंस म्हणून की कळवू नयेस म्हणून, ते माझं मलाच समजत नाही.

शिवणवाली आता मला विचारत नाही. नुसती बघते.

बाबा

२० जून

बारक्या,

घाईत लिहितोय, ताई पाकिटासाठी थांबलीय.

ती बाई पुन्हा फोन करणार आहे. शिक्षण संपताना दुसऱ्यांदा विचारतात, माणसात काही फरक पडला का म्हणून. पहिल्या वेळचेच नंबर, बदलता येत नाहीत. ताईने प्रयत्न केला, झालं नाही. म्हणजे तुलाही येईल.

उचल. या वेळी मी पहिल्या शब्दापासून ऐकणार, पाचच दाबणार. तू पाच दे, एक दे, शिवी दे, काहीही दे, पण उचल. तू उचललास तरच माझंही धरतील. तूही पाच दिलेस तर तिच्यापुढे दोन ओळी येतील, दोन्ही पाचाच्या. मग तिला वाटेल, भावाचं मन वळलं. ते खोटंच असेल, पण दोघांनाही जगता येईल असं खोटं असेल. माझ्या डोक्यात याहून चांगलं काही येत नाही.

हाक मारतेय. थांबतो.

बाबा

१६ जुलै

बारक्या,

फोन आला तेव्हा मी तयार होतो. सकाळपासून यंत्र कानात, गॅस बंद, खुर्ची भिंतीला टेकवलेली. बाईची प्रस्तावना पुरती ऐकली. खरंच सांगते ती, अगदी सावकाश सांगते, एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्णपणे. मी तिला म्हटलं, "हे गेल्या वेळी जरा थांबून सांगायचं होतंत." ती पुढच्या प्रश्नावर गेली. मी प्रत्येकाला पाच दाबले. चुकू नये म्हणून डाव्या हाताने उजवा धरला होता.

काल निकाल आला. साहेबांनी वाढवून दिलंय. हाताखालच्यांनी तर भरभरून. घरच्यांच्या खान्यात आकडाच नाही. करडी पट्टी आहे नुसती आणि त्यावर लिहिलंय, पुरेशी उत्तरं आली नाहीत.

ताई म्हणाली, "त्याने उचलला नाही. माहीत होतं मला." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे पाच वाया गेले हो बाबा. एकट्याचं धरत नाहीत."

मी म्हटलं, "जाऊ दे."

तू का उचलला नाहीस ते मी विचारत नाही. कामात असशील. नंबर बदलला असेल. माझी पत्रं भलत्याच कोणाच्या दारात पडत असतील. किंवा सगळी वाचून तू ठरवलं असशील की आता या घराला आकडाच द्यायचा नाही. इथून मला सगळं सारखंच ऐकू येतं, यंत्र लावून असो की काढून.

ती परवा निघतेय. दोन वर्षं म्हणते, मी म्हणतो बरं. मी इथेच राहणार. शिवणवाली दोन वेळा वर डोकावणार आहे, डबा खालून येणार आहे, गॅसला हात लावायचा नाही असं ठरलंय. ताईने कपाटावरचे सगळे कागद काढले, चार चौकोनांचाही. चिकटपट्टीचे कोपरे तेवढे राहिलेत, नखाने निघत नाहीत.

आज दुपारी ती माझ्यासमोर येऊन बसली, कोऱ्या पाकिटांची चळत घेऊन. मला वाटलं, तिच्या ऑफिसची असतील. तिने पेन काढलं आणि पहिल्या पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. मी बघत राहिलो. म्हणाली, "मी नसताना तुम्हाला कोण लिहून देणार? तुम्ही काही त्याला लिहायचं थांबणार नाही."

तुझा पत्ता, तुझं नाव, पुन्हा पुन्हा, एका वळणाचं अक्षर. या वेळी पेन दाबत नव्हती. मी म्हटलं, "ताई, ते त्या वेळी फोनवर मी..."

"बाबा, मध्ये बोलू नका. पत्ता चुकतो."

तिने सगळी पाकिटं लिहून संपवली, चळत ठोकून सरळ केली आणि आईच्या कपाटात ठेवली, माझा हात पोचेल अशा फळीवर. त्यातल्या पहिल्यात हे पत्र घालतोय. ती निघायच्या गडबडीत आहे, शिवणवाली टाकेल.

पाकिटं पुष्कळ आहेत. एवढी लागतील असं वाटत नाही.

बाबा